दोन ठोके

विहिरीच्या काठावर त्या दिवशी सकाळीच वाजलं. विहीर ज्याची त्या बागवाल्याचं म्हणणं होतं, काम थांबवायचं आणि दुसरा गवंडी आणायचा. गवंडिणीचं म्हणणं होतं, काम थांबवायचं नाही आणि दुसरा गवंडी आणायचा नाही. आणि ज्याच्यावरून हे चाललं होतं तो गवंडी, तिचा नवरा, काठावर पोतं टाकून बसला होता. वाकड्या झालेल्या तोंडातून लाळ गळत होती, ती डाव्या हातानं पुसत तो दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

तीन महिन्यांपूर्वी हाच माणूस त्याच विहिरीत फळ्यांच्या मचाणावर उभा राहून दगड बसवत होता. वर पंधरा हात माती आणि मुरूम, खाली काळा खडक, अशी ती विहीर. खडक आपला आपण उभा राहतो. माती मात्र कुणाच्या बापाची नाही. पावसात फुगते, उन्हात फाटते. म्हणून तिला खडकापासून जमिनीपर्यंत दगडाची गोल भिंत बांधून आवरून धरावी लागते. भिंत निम्मी झाली होती. एका दुपारी गवंडी म्हणाला, हात जड पडल्यासारखा वाटतोय, आणि हातोडा ठेवायला वाकला तो वाकलाच. त्याला दोराच्या पाळण्यात घालून वर काढला. दवाखान्यात पंधरा दिवस गेले. जीव राहिला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. घशातून आवाज निघे, पण त्याचा शब्द होत नसे. अक्षराची ओळख ना त्याला होती ना तिला, म्हणजे लिहून दाखवायचीही सोय नव्हती.

बागवाला तसा वाईट नव्हता. त्यानं दोन वेळा घरी येऊन विचारपूस केली होती. पण पावसाळ्याला दोन महिने उरले होते आणि अर्धी भिंत घेऊन त्याला पाऊस बघायचा नव्हता.

"वहिनी, बावीस वर्षं तुम्ही ह्यांच्या हाताखाली घमेलं वाहिलं, मला मान्य आहे," तो म्हणाला. "पण घमेलं वाहून कुणी गवंडी होत नसतं. पी हळद आणि हो गोरी, असं कुठं असतं का?"

"मी नुसतं घमेलं वाहिलं नाही, मालक. दगडही निवडून दिले. कुठल्या जागी कुठला दगड द्यायचा ते कोण ठरवत होतं, ते ह्यांनाच विचारा."

आता विचारायचं कुणाला, ज्याला बोलता येत नाही त्याला? बागवाला ओशाळून खाली बघू लागला. तेवढ्यात गवंड्यानं शेजारची काठी डाव्या हातात घेतली आणि समोरच्या दगडावर आपटली. एक, दोन.

तिथं बुटक्या उभा होता. उंचीनं कमी म्हणून बुटक्या. तसा पन्नाशीचा बाप्या आणि दोन माणसांचं ओझं एकटा उचलणारा. दगड दोरानं खाली सोडायचं काम त्याचं. तो म्हणाला, "मालक, मिस्त्री म्हणतात, बसला."

ही त्यांची जुनी रीत होती. विहिरीत बोललेलं घुमतं. खालून 'आण' म्हटलं काय आणि 'थांब' म्हटलं काय, वर नुसता भोंगा ऐकू येतो. म्हणून गवंडी हातोड्याच्या ठोक्यांनी बोलायचा. एक ठोका म्हणजे हा नको, दुसरा दे. दोन ठोके म्हणजे बसला, पुढचा सोड. बावीस वर्षं नवरा-बायकोचं कामावरचं बोलणं एवढंच होतं. घरी तरी त्यापेक्षा फार जास्त होतं असं नाही. म्हातारी आत्याबाई, म्हणजे गवंड्याची आत्या, ती त्यांच्याकडेच राहायची, ती म्हणायची, ह्या दोघांच्या संसारात दोन ठोके आणि एक ठोका ह्याच्यापलीकडे मी काही ऐकलं नाही.

बागवाल्यानं विचार केला आणि म्हणाला, एक थर लावून दाखवा. गोल भरला आणि सरळ उभा राहिला तर पुढं बघू.

बुटक्यानं गवंड्याला पोत्यासकट उचलून विहिरीच्या अगदी कडेला, झाडाच्या बुंध्याला टेकून बसवला. पोटाला दोर बांधून दोर झाडाला आवळला. गवंडीण पदर खोचून शिडीनं मचाणावर उतरली.

तिला वाटलं होतं, आपल्याला सगळं येतं. हे वाटणं काही खोटं नव्हतं. दगड बघितला की तो कुठं जाईल हे तिला कळत होतं. प्रत्येक दगडाला तोंड असतं, पाठ असते. गोल भिंतीत पाठीकडे रुंद आणि तोंडाकडे अरुंद असा दगड लागतो, म्हणजे तो शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसतो आणि मागची माती कितीही रेटत आली तरी पुढं येत नाही. हे सगळं तिच्या डोळ्यांना पाठ होतं. पण डोळ्यांना येत होतं ते हाताला येत नव्हतं. पहिला दगड तिनं कालवलेल्या मालावर ठेवला आणि वरून हातोडा मारला. काठावरून काठी वाजली. एक. तिनं दगड काढला, माल सारखा केला, पुन्हा ठेवला. एक. मागं दगडाची चीप घातली. एक. नऊ वेळा काढला आणि नऊ वेळा ठेवला. दहाव्यांदा हातोडा दगडावर न बसता अंगठ्यावर बसला. नख काळं पडलं. ती अंगठा तोंडात धरून उभी राहिली आणि वर बघितलं. गवंडी तिच्याकडे बघत नव्हता. तो दगडाकडेच बघत होता. काठी वाजली. एक.

दिवस मावळेपर्यंत चार दगड बसले.

घरी आल्यावर आत्याबाईनं अंगठ्याला हळद लावता लावता विचारलं, किती काम झालं. चार दगड म्हटल्यावर म्हातारी म्हणाली, "चूल मांडायला तीन लागतात, सूनबाई. म्हणजे एक जास्तच झाला." गवंडीण हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

तिला एक जुनी गोष्ट आठवत होती. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी तिनं एकदा नवऱ्याला विचारलं होतं, दगड बसला हे तुम्हाला कसं कळतं हो. तो म्हणाला होता, "हाताला कळतं." तेव्हा तिला वाटलं, सांगायचं नसेल. आता कळलं की त्यानं खरं तेच सांगितलं होतं. त्याच्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतंच. त्याच्या बापानं त्याला असंच शिकवलं असेल, दगड काढायला लावून लावून.

तो थर पुरा व्हायला आठ दिवस लागले. पुढच्या थराला पाच. मधे एक खांब उभा केलेला होता आणि त्याला दोरी बांधलेली होती. ती ताणून प्रत्येक दगडाच्या तोंडाला लावायची, की गोल भरतो आहे का ते समजतं. सरळ उभं आहे का ते ओळंबा सांगतो. पण दगडाच्या मागं पोकळ राहिलं आहे का, हे ना दोरी सांगते ना ओळंबा. ते हातोड्याच्या आवाजावरून ओळखायचं. टणक वाजला तर बसला, भद्द वाजला तर मागं वारा आहे. पहिले पंधरा दिवस तिला सगळे आवाज सारखेच वाटत. काठावर बसलेल्या गवंड्याला मात्र तेवढ्या वरून फरक ऐकू येई आणि काठी वाजे.

मग एक दिवस असं झालं की तिनं हातोडा मारला आणि काठी वाजायच्या आधीच दगड उचलून बाजूला ठेवला. आपण का उचलला हे तिला सांगता आलं नसतं. आवाज कानाला कसासाच लागला होता, एवढंच. तिनं वर बघितलं. गवंड्याची काठी हवेत तशीच थांबली होती. त्यानं ती खाली घेतली, मांडीवर ठेवली, आणि त्याचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. तो हसत होता हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

त्यानंतर काम उडी मारल्यासारखं पुढं गेलं. एकेरी ठोका कमी होत गेला. कधी कधी दुपारपर्यंत नुसते दोन-दोनच ठोके वाजत, आणि बुटक्या वरून दगड सोडता सोडता म्हणे, आज मिस्त्रींचा हात चांगला चाललाय. कुणाचा हात म्हणतोस, असं ती विचारी, तर तो म्हणे, तुमच्या दोघांचा मिळून एक झाला ना आता.

दर चौथ्या थराला काटक्या लावायच्या असत. बोटाएवढ्या जाड, सरळ काटक्या हातभर लांबीच्या तोडायच्या, त्यांना तेलाचा हात लावायचा, आणि दोन दगडांच्या सांध्यात तीन तीन हातांवर अशा घालायच्या की एक टोक मागं मातीत जाईल आणि एक टोक पुढं चार बोटं बाहेर राहील. काटक्या तोडून तेल लावायचं काम बावीस वर्षं तिचंच होतं. त्या कशासाठी, हे तिनं कधी विचारलं नाही. तिला वाटायचं, चार थर झाल्याची खूण असेल. तेल कशाला, तर वाळवी लागू नये म्हणून असेल. आपण रोज करतो त्या कामाला कारण विचारायचं कुणाच्या डोक्यात येतं? तिनं काटक्या तोडल्या, तेल लावलं, आणि नवरा लावायचा तशा बरोबर लावल्या. काठावरून दोन ठोके पडले.

पावसाळा पंधरा दिवसांवर असताना शेवटचा थर जमिनीला लागला. बागवाला स्वतः आला, ओळंबा सोडून बघितला, दोरी लावून बघितली, आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. गावातली माणसं बघायला येऊ लागली. बाईनं विहीर बांधली म्हणून येत. बघून गेल्यावर मात्र ती विहिरीचंच बोलत, बाईचं नाही. गवंडिणीला ह्याचं जास्त बरं वाटायचं.

आता राहिला होता दर्जा. दगडांच्या मधल्या फटीत माल भरून तो थापीनं घोटायचा, त्याला दर्जा भरणं म्हणतात. वरून सुरुवात करायची आणि मचाण उतरवत उतरवत खाली जायचं. नवऱ्याच्या वेळी हे काम अर्धं अर्धं चाले. माल कालवून द्यायचा तिनं, भरायचा त्यानं, आणि माल वाळल्यावर अगदी शेवटी गवंडी एकटा दोराच्या पाळण्यात बसून विहिरीत उतरे. त्या वेळी ती ओढ्यावर घमेली, थाप्या धूत असायची. तास-दीड तासानं तो वर येई. ती त्याला चिडवायची, गेला होतात ना गारव्यात बसून तंबाखू मळायला. तो म्हणायचा, हो, आमचं तेवढंच सुख.

तिनं दर्जा फार मनापासून भरायला घेतला. हात आता चालत होता आणि चालणाऱ्या हाताला थांबवत नाही. पहिल्या ओळीच्या काटक्या आल्या. चांगल्या घोटलेल्या भिंतीतून ती टोकं हनुवटीवरच्या खुंटासारखी बाहेर आली होती. खूण झाली, काम झालं, आता त्यांचा काय उपयोग? तिनं छिन्नीनं पहिलं टोक दगडाबरोबर उडवलं, त्यावर माल दाबला आणि थापी फिरवली. काटकी होती का नव्हती, कळेना.

नेमकं त्याच वेळी बागवाला काठावर आला. त्यानं वाकून बघितलं आणि बुटक्याला मोठ्यानं म्हणाला, "बघ, सफाई बघ. खरं सांगायचं तर मिस्त्रींच्या हातालाही एवढी सफाई नव्हती." हे तो गवंड्याच्या शेजारी उभा राहून म्हणाला. वाईट हेतू नव्हता, पण जिभेला हाड नसतं.

आणि काठी वाजायला लागली.

एक. तिनं दगडाकडे बघितलं. दगड पंधरा दिवसांपूर्वी बसलेला, त्याला काय झालं? तिनं दुसरं टोक उडवलं. एक. तिसरं उडवलं. एक, एक, एक. आता काठी थांबेना. बागवाला गडबडून बाजूला झाला. गवंडी घशातून आवाज काढत होता, दोराला ओढ देत होता, तोंड लाल झालं होतं. ती शिडीनं वर आली. काय होतंय, कुठं दुखतंय, पाणी हवं का. त्यानं तिच्या हातातली छिन्नी काठीनं ढकलून पाडली. तिच्या ओच्यात काटक्यांची उडवलेली टोकं होती, ती त्यानं मुठीत धरली आणि तिच्या तोंडासमोर नाचवली. मग पुन्हा काठी. एक. एक. एक.

काठावर पाच-सात माणसं जमली होती. सगळी बघत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, जिवाला लागलं त्याच्या. आणि गवंडिणीला ते पटलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही. अंगठ्याचं नख गेलं होतं, हाताला घट्टे पडले होते, दीड महिना तिनं ठोक्यामागून ठोका निमूट ऐकला होता. आणि आज चार माणसांत पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलं तर हे असं.

"बावीस वर्षं तुमचं कौतुक मी खाली मान घालून ऐकलं," ती म्हणाली. "माझं एक दिवस तुम्हाला ऐकवेना?"

ती ओरडली नाही. हळूच बोलली. मग तिनं त्याच्या हातातून काठी काढून घेतली आणि झाडाच्या पलीकडे, त्याचा हात पोचणार नाही अशी टेकवून ठेवली.

गवंड्यानं मूठ उघडली, टोकं खाली पडली. मग त्यानं मान फिरवली ती विहिरीच्या उलट्या बाजूला, नुसत्या शेताकडे.

चार दिवस दर्जाचं काम चाललं. तिनं वरपासून खालपर्यंत सगळ्या काटक्या उडवून घोटून टाकल्या, तिच्या हातच्याही आणि खालच्या, त्याच्या हातच्याही. भिंत आरशासारखी झाली. दुसऱ्याच दिवशी तिचा राग गेला होता आणि तिनं काठी आणून त्याच्या मांडीवर ठेवली होती. त्यानं ती धरली नाही. तिनं दोनदा त्याच्या बोटांत अडकवली, दोन्हीदा ती घरंगळून खाली पडली. रुसू दे, तिला वाटलं. रुसवा काय जन्माला पुरतो?

काम संपल्यावर आठव्या दिवशी, सकाळी आंघोळ घालताना, गवंड्याला दुसरा झटका आला. ह्या वेळी दवाखान्यातून परत आणला तेव्हा तो समोर बघायचा, पण कशाकडे बघतोय ते कळत नव्हतं. भरवलं तर गिळायचा. आत्याबाई त्याच्या कानाशी लागून लहानपणचं नाव घेऊन हाक मारायची, तरी पापणी हलायची नाही. काठी कोपऱ्यात उभी होती.

पाऊस वेळेवर आला आणि बरा पडला. दुसऱ्या महिन्यात मात्र आठ दिवसांची झड लागली. मातीनं पाणी पिऊन पिऊन तोंड मिटलं आणि वरचं पाणी शेतात उभं राहायला लागलं. नवव्या दिवशी सकाळी पोतं पांघरून बुटक्या दारात आला. आत आला नाही.

"वहिनी, भिंतीला पोट आलंय."

ती तशीच निघाली. बागवाला काठावर उभा होता. उत्तरेच्या अंगाला, जमिनीपासून पाच-सहा हात खाली भिंत पुढं आली होती. दिवस भरलेल्या बाईसारखी. दर्ज्याला तडे गेले होते. तिनं बुटक्याला पाळणा लावायला सांगितला. बागवाला म्हणाला, वेड लागलंय का, आता पडेल ती, पाऊस ओसरू द्या. ती म्हणाली, पाऊस ओसरेपर्यंत भिंत थांबायची नाही.

खाली गेल्यावर तिनं त्या पोटावर तळहात ठेवला. दगड थरथरत होते, अगदी बारीक. हातोड्यानं वाजवलं. टणक नाही आणि भद्दही नाही, असा आवाज तिनं ह्याआधी कधी ऐकला नव्हता. भरलेल्या घागरीवर बोट मारल्यासारखा. तिनं छिन्नी तड्यात घातली आणि एक घाव मारला. दर्ज्याची खपली उडाली आणि आतून काटकीचं कुजकं टोक बाहेर फेकलं गेलं. त्याच्या मागून पाण्याची धार आली ती थेट तिच्या छातीवर.

पाळणा मागं झुलला. बुटक्या वरून ओरडला. ती धारेकडे बघत राहिली. बोटाएवढी धार, गढूळ, जोरात, थांबायचं नाव नाही.

आता तिला काठी ऐकू आली. एक. एक. एक.

जुन्या विहिरींच्या भिंतींतून पावसाळ्यात बारीक धारा पडतात, ते तिनं कितीदा पाहिलं होतं. तिला ते झरे वाटायचे. भिंतीमागचं पाणी वाट काढून देऊन मोकळं करावं लागतं, नाहीतर ते भिंत घेऊन बाहेर येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला ते इतकं माहीत होतं की सांगायची गरज आहे असं त्याला कधी वाटलंच नाही, तो एकदाच सांगायला गेला होता.

वर आल्यावर तिनं बुटक्याला विचारलं, विहीर झाल्यावर हे एकटे खाली जायचे, तेव्हा पाळणा तू धरायचास ना?

"मीच," बुटक्या म्हणाला.

"वर काय घेऊन यायचे?"

"काटक्यांची मोळी," तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं वहिनी, चुलीला नेतात."

म्हणजे त्या तासात तो एकेक काटकी ओढून पाण्याला भोक मोकळं करत होता, आणि तेलही ती सुटून यावी म्हणूनच होतं. चुलीला नेत होते हेही खरंच होतं. बावीस वर्षं प्रत्येक विहीर संपली की नवरा काटक्यांची मोळी घरी आणायचा आणि तीच ती चुलीत घालायची. तेलाच्या काटक्या, चटकन पेटायच्या. तिला त्या आवडायच्या. उरलेल्या असतील, असं वाटायचं. सगळं तिच्या हातातून गेलं होतं, तोडताना, तेल लावताना, जाळताना. मधला एवढा एक तास तेवढा ती ओढ्यावर थाप्या धूत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

तिनं दोन दिवसांत सगळ्या काटक्या मोकळ्या केल्या. पाळण्यात बसून, अंगावर पाऊस घेत. आपण घोटलेला दर्जा आपणच फोडायचा, वाकवलेल्या सळईनं काटकी ओढायची, आणि ओढता आली नाही तर पहार घालून मागपर्यंत भोसकायची. शंभराच्या वर भोकं. पहिल्या दिवशी पोटाखालून फिरताना बुटक्यानं वरून तिला दोन वेळा हाका मारून विचारलं, वर ओढू का. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. आरशासारखी भिंत देवीच्या वणांसारखी झाली. सगळीकडून धारा पडू लागल्या तेव्हा विहिरीत एवढा आवाज झाला की काठावर उभ्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पोट होतं तिथंच थांबलं. भिंत उभी राहिली.

त्या संध्याकाळी ओल्या लुगड्यानंच ती नवऱ्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. धार कशी आली, काटकी कशी निघाली. तुम्ही बरोबर होतात, मीच चुकले, असं तिनं दोनदा म्हटलं. गवंडी चुलीकडे बघत होता. जाळ हलला की त्याच्या बुबुळात जाळ हलायचा, तेवढंच. आत्याबाई म्हणाली, ऐकतो गं तो. म्हातारी खोटं बोलत होती आणि दोघींना ते माहीत होतं.

पाऊस उघडून माती थोडी आवळल्यावर पोट आलेला भाग उतरवून पुन्हा बांधायला घेतला. बागवाल्यानं दुसऱ्या गवंड्याचं नाव काढलं नाही. तो एवढंच म्हणाला, ह्या वेळी काटक्या मी तोडून ठेवतो. ती म्हणाली, नको, ते माझं काम आहे.

पहिल्या दिवशी तिनं गवंड्याला गाडीत घालून विहिरीवर आणवला. बुटक्या म्हणाला, कशाला त्यांना त्रास, त्यांना काय कळतंय आता. तिनं ऐकलं नाही. त्याच झाडाला टेकवून, त्याच पोत्यावर, पोटाला दोर बांधून त्याला बसवला. काठी त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. मग ती मचाणावर उतरली.

ऊन पडलं होतं. भिंतीतल्या भोकांतून अजून पाणी येत होतं, पण आता स्वच्छ आणि सावकाश. तिनं माल पसरला. बुटक्यानं सोडलेला दगड दोरातून सोडवून घेतला, तोंड बघितलं, पाठ बघितली, ठेवला. मागं चीप दिली. हातोडा मारला. टणक वाजला.

सवयीनं तिनं वर बघितलं.

गवंडी होता तसाच बसला होता. उन्हाचा एक कवडसा त्याच्या गालावर होता आणि एक माशी त्या कवडशात फिरत होती. काठी मांडीवर होती. गवंडीण थांबली. बुटक्याही थांबला. पुढचा दगड त्यानं दोरात बांधून कडेवर टेकवून धरला होता, पण दोन ठोके ऐकल्याशिवाय दगड सोडायचा नाही ही बावीस वर्षांची सवय, ती त्याच्याही हातात होती. त्यानं एकदा गवंड्याकडे बघितलं, एकदा खाली तिच्याकडे. पाण्याचा टपटप आवाज तेवढा येत राहिला.

तिनं पुन्हा दगडावर हात ठेवला. कडेनं बोट फिरवलं. मग हातोडा उचलला आणि दगडावर स्वतःच ठोकला. एक, दोन.

वरून दोर सुटला आणि पुढचा दगड खाली येऊ लागला.